बाळंतविड्याची पाटी

लोणावळ्याहून पुण्याच्या बाजूला निघालं की कुसगावच्या अलीकडे जकात नाका लागायचा. नाका म्हणजे पत्र्याची एक खोली, आत टेबल, टेबलामागे कोंडाजी कारकून आणि बाहेर रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला निवृत्ती ओव्हाळ उभा. माझं सायकलींचं दुकान बरोबर समोर. हवा खायला येणाऱ्या मंडळींना मी तासावर सायकली द्यायचो आणि गिऱ्हाईक नसलं की निवृत्तीकडे बघत बसायचो. दुसरं बघण्यासारखं तिथे होतं तरी काय? त्यामुळे त्याच्याविषयी बोलायचा अधिकार मला आहे, असं मी मानतो. ज्याला पटत नसेल त्यानं इतकी वर्षं नाक्यासमोर बसून पंक्चर काढून दाखवावीत.

माणूस उंच, काटकुळा. खाकी डगला त्याच्यापेक्षा मोठा, पण कडक इस्त्रीचा. गळ्यात पितळेची शिट्टी, तीही रोज चिंचेनं घासलेली. ती वाजवताना मात्र मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी चिडवायचो, "निवृत्ती, शिट्टी वाजवायला दिलीय का मिरवायला?"

"वाजवली की मान्सं पळत्यात," तो म्हणायचा. "न वाजवता थांबत्यात, मग कशाला वाजवू?"

असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरायचं आणि मी पुन्हा पंक्चरकडे वळायचो.

छप्पन साली निवृत्ती आणि त्याची बायको चंपा बौद्ध झाले. घरात स्वच्छ भिंत, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दोन्ही पोरं खडकीला मामाकडे शिकायला. निवृत्तीनं आपल्या मनातलं जुनं सगळं पुसून टाकलं होतं. गावानं काही पुसलं नव्हतं. नाक्यावर आलेलं ओझं तपासायचं काम खरं तर त्याचंच. गवताचा भारा, तांदळाचं पोतं, कोंबड्यांचं खुराडं, सगळ्यात तो हात घालायचा. पण शुभकार्याची पाटी आली की त्याचा हात मागे. नोकरीच्या सुरुवातीलाच एका रुखवताच्या पाटीवरचं फडकं त्यानं उचललं होतं. पाटीवाल्या बाईनं रस्त्यात फतकल मारून आकांत केला, लाडू-करंज्या तिथेच टाकून गेली, आणि तिच्या घरच्यांनी वर तक्रार केली. कोंडाजीनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं काही चुकलेलं नाही. पण परत असं झालं तर तुला रस्ते झाडायच्या टोळीत घालतील, आणि ते माझ्या हातात नाही. असल्या पाट्या मी बघत जाईन."

कोंडाजी दुष्ट नव्हता. त्याला भांडण नको असायचं, एवढंच. मला असल्या माणसांचा फार राग येतो, पण त्याच्या मुलीच्या लग्नात मीच वाढप्या होतो, तेव्हा जास्त बोलत नाही.

चंपा दवाखान्यात आया होती. बाळंतिणींच्या खोलीचा सगळा कारभार तिच्या हातात. कोण अडलीय, कोण मोकळी झाली, कुणाला मुलगी झाली म्हणून सासू फिरकलेली नाही, हे सगळं तिला ठाऊक. बोलायला नवऱ्याच्या अगदी उलट. तो दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं ती चुलीवर तवा ठेवता ठेवता बोलून घ्यायची.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत तिकोण्याच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतून हिरी नावाची एक पोरसवदा बाई डोलीत घालून दवाखान्यात आणली. पहिलंच बाळंतपण, अडलेलं. बाई वाचली, मुलगी झाली, पण हिरीला ताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात वाडीवर नेऊ नका. मग राहायचं कुठे? चंपा तिला सरळ आपल्या घरी घेऊन आली. हिरीच्या वाडीतल्या दोघाचौघांनी नाकं मुरडली, की त्यांच्यात राहायचं म्हणजे काय. तिचा नवरा सावळा तसा मुखदुर्बळ, पण त्या दिवशी म्हणाला, "मंग तुमच्या घरी ठिवता का?" तेव्हा एकेक जण वाडीच्या वाटेला लागला.

पोरीचं नाव येसू. तिला दूध हवं होतं. त्या काळात परदेशी मालाचं वेड होतं, आणि सरकारनं तो माल आणायला बंदी घातल्यापासून तर जास्तच. ब्लेड परदेशी, पावडर परदेशी, आणि तान्ह्या बाळाला द्यायची दुधाची पावडरही परदेशी. बाजारातल्या एका दुकानात ती मिळायची, पण फळीवर नाही, ओळखीनं, गादीखालून. चंपानं ओळख काढून डबा आणला. डब्यावर लाल गालांच्या, गुबगुबीत बाळाचं चित्र. ती ते हिरीला दाखवायची आणि म्हणायची, "आपली येसू आशी व्हनार बघ."

येसू काही तशी होईना. पोट फुगायचं, हगवण लागायची, आणि हातपाय रोज बारीक दिसायचे. पोर सुकतेय म्हणून चंपा पाण्यात पावडरीचा एक चमचा जास्त घालायची. आणखी सुकली की आणखी एक. दवाखान्यातही तेच चाललं होतं. चांगली धडधाकट म्हणून घरी पाठवलेली बाळं म्हाताऱ्यासारखी तोंडं करून परत येत होती. त्यातलं रेल्वे चाळीतलं एक दगावलं.

चंपा दवाखान्यातल्या चादरींना खळ करायची. एके दिवशी घरी येसूची वाटी घासायला घेतली, तर तळाशी वाळलेलं दूध तिच्या नखाखाली कडकडून सुटलं. ते दूध नव्हतं. रोज चादरींना लावते ती खळ तिच्या ओळखीची होती. तिनं वाटी तशीच पदराखाली घेतली आणि डॉक्टरांपुढे नेऊन ठेवली. डॉक्टरांनी जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब त्यात टाकला. वाटी निळीशार झाली.

"पीठ आहे हे," डॉक्टर म्हणाले. "दूध नावालासुद्धा नसेल."

घरचा डबा मागवून उलटा केला तर बुडाला कथलाचा डाख दिलेला. रिकामे परदेशी डबे मुंबईत गोळा करायचे, बुडाकडून पीठ भरायचं, झाळायचं, आणि चोरून आणलेला माल म्हणून विकायचे. चोरीचा म्हटल्यावर लोकांचा जास्तच विश्वास बसायचा. लोकांच्या अकलेबद्दल मी बोललो तर वाईट दिसेल, कारण माझ्या बहिणीनंही एक डबा आणला होता.

येसूला त्या दिवसापासून शेळीचं दूध सुरू केलं. पण ती आता चमचाभरसुद्धा धड गिळत नव्हती. हिरी तिला मांडीवर घेऊन नुसती बसून राहायची. चंपाचं बोलणं बंद झालं. आपल्या हातानं चमचा वाढवून घातला, हे तिच्या डोक्यातून जाईना.

डॉक्टरांनी दुकानाची झडती घ्यायला लावली. काही मिळालं नाही. दुकानदार साठा करायचाच नाही, रोज थोडा माल यायचा आणि रोज संपायचा. डबे विकले जातच राहिले. डॉक्टर कळवळून सांगायचे, हा डबा घेऊ नका, आणि लोकांना वाटायचं की डॉक्टरला आपल्या ओळखीच्या दुकानाचा माल खपवायचाय. माल येतो कुठून ते कळल्याशिवाय हे थांबणार नव्हतं. मुंबईच्या बाजूच्या नाक्यावर कसून तपासणी होती आणि लोणावळा स्टेशनवरही.

निवृत्तीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि मला एवढंच म्हणाला, "रस्त्यानं आलं आसंल तर एकांद्या बांबूखालनंच आलं आसंल."

संध्याकाळी तो भाकरी खायला बसला. पुढचं मला चंपानंच सांगितलेलं आहे, आणि तिच्या तोंडून ते मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी तिथेच बसलो होतो असं मला वाटतं. बायकोचा उतरलेला चेहरा बघून तिला जरा बोलतं करावं म्हणून तो म्हणाला, "तुमच्या दवाखान्यात लय गर्दी झाली आसंल. बाळंतविडं तर रोज जात्यात गावात."

"कुनाचं?" चंपा म्हणाली.

"कुनाचं का आसंना. मालवलीकडनं येत्यात. नवी पाटी, वर हिरवा खण, आत लाडू आन् झबली-टोपडी आस्तील. काल बी आला, परवा बी आला."

चंपानं भाकरी तव्यावर तशीच ठेवली. "अवो, आमच्या बाळंतिनींच्या खाटा रिकाम्या हायती. गावात एक गवळ्याची बाळंतीण हाय आन् एक चाळीतली. एकीचं माहेर सातारचं, दुसरीला माहेरच न्हाई. बाळंतविडा कुनाच्या घरी जातोय?"

भाकरी करपली. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग निवृत्तीला बाकीचं सुचत गेलं. मुंबईचा माल लोणावळ्याला उतरतच नव्हता. तो आगगाडीनं पुढे मालवलीला जायचा, त्या लहानशा स्टेशनावर उतरायचा आणि पाटीत भरून कुसगावच्या रस्त्यानं मागे यायचा, जिथे नाक्यावर खेड्यातली माणसं आणि भाजीपाला सोडून दुसरं काही येत नाही. आणि त्या पाट्या नेमक्या दुपारी यायच्या, कोंडाजी जेवायला घरी गेला की. बांबूपाशी एकटा निवृत्ती असताना.

"ते मला बगून येत्यात," तो चंपाला म्हणाला. "मी हात लावनार न्हाई, हे त्यांस्नी म्हाईत हाय."

इतकी वर्षं तो हात मागे घ्यायचा तेव्हा त्याला वाईट वाटायचं, पण ते त्यानं गिळलं होतं. हे मात्र त्याला गिळवेना. त्याच्या अंगावर लादलेल्या त्या रिवाजाच्या आडून कुणीतरी पोरांच्या पोटात खळ घालत होतं. कोपऱ्यात हिरीच्या मांडीवर येसू कण्हत होती. चंपा सांगते की तिनं आपल्या नवऱ्याला संतापलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आवाज वाढला नाही, पण पुढ्यातलं ताट त्यानं बाजूला सारलं.

"कोंडाजीस्नी सांगा," ती म्हणाली.

"ते म्हनतील, मी बगतो. आन् ते नाक्यावर बसले की पाटी यायचीच न्हाई."

"आन् निगालं खरंच लाडू, तर?"

"तर मंग झाडू," निवृत्ती म्हणाला. त्यावर चंपा हसली, म्हणजे बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी छत्री काखोटीला मारून जेवायला गेला. मी दुकानासमोर एक सायकल स्टँडवर लावून तिची चेन साफ करायला काढली होती. थोड्या वेळानं मालवलीकडून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन येताना दिसली. नवी कोरी पाटी, वर हिरवा खण. बरोबर काळी टोपी घातलेला एक माणूस, सासुरवाडीला निघाल्यासारखा.

निवृत्तीनं बांबू वर केला नाही.

"बाळंतविडा आहे," टोपीवाला म्हणाला. त्याला वाटलं तेवढं पुरेल.

"चांगलं हाय की," निवृत्ती म्हणाला. "काय झालं, मुलगा का मुलगी?"

"मुलगा," बाई म्हणाली.

"मुलगी," टोपीवाला त्याच वेळी म्हणाला.

भाजीवाल्या बायका आणि एक टांगेवाला थांबला होता, ते हसायला लागले. टोपीवाल्याचा चेहरा तांबडा झाला. "जुळं आहे," तो म्हणाला. "बांबू उचल. ऊन लागतंय."

"मावशी, पाटी खाली ठिवा," निवृत्ती म्हणाला.

"खबरदार, हात लावशील तर," टोपीवाला ओरडला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाळंतिणीच्या तोंडात जायचंय ते. तुझी जात काय, तू करतोस काय?"

भाजीवाल्यांपैकी एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "जाऊ दे बाबा, बाळंतविडा हाय, कशाला इटाळ करतूस." मी पाना हातात धरून उभा होतो. निवृत्तीचा हात वर उचललेला आणि तिथेच थांबलेला. त्या हातात त्याचा डगला होता, शिट्टी होती, दर महिन्याचं अन्न होतं. त्यानं एकदा गावाकडे पाहिलं, म्हणजे त्याच्या घराकडे. मग खण उचलला.

आत लाडू होते. डिंकाचे, तुपाचे, खारीक-खोबरं घातलेले खरेखुरे लाडू, आणि त्यांच्या कडेनं लाल टोपडं.

म्हातारीनं कपाळावर हात मारला. टोपीवाला तर आता आनंदानं ओरडत होता, नाव सांग, नंबर सांग, आजच्या आज अर्ज करतो म्हणून. निवृत्ती लाडवांकडे बघत राहिला. मग बाईकडे बघितलं. पाटी उतरवून तिनं दोन्ही हातांनी मान धरली होती आणि ती मान चोळत होती.

"मावशी, लय जड हाय का वो?" त्यानं विचारलं.

"लोखंड हाय लोखंड," ती म्हणाली.

निवृत्तीनं बाह्या सारल्या आणि लाडवांमधून कोपरापर्यंत हात खाली घातला. वर आला तेव्हा हातात लाल गालांचं, गुबगुबीत बाळ होतं. डब्यावरचं.

टोपीवाला पळाला. त्यानं माझ्या दुकानासमोर लावलेली सायकल ओढली आणि टांग मारली. तेव्हा निवृत्तीनं शिट्टी वाजवली, जन्मात पहिल्यांदा, आणि अशी वाजवली की टांग्याचा घोडा मागच्या पायावर उभा राहिला. घाई तशी नव्हती. मी चेन काढून ठेवली होती ती तीच सायकल. तो जिवाच्या आकांतानं पाय फिरवत होता आणि सायकल उभ्या जागी आडवी होत होती. आम्ही त्याला आरामात उचलला.

पाटीवाल्या बाईचं नाव अंबूबाई. मालवलीला मजुरीवर ओझी वाहायची. पाटीत काय आहे याचा तिला पत्ता नव्हता. "बाळंतविडा म्हनून मी वहाना काढून आले भाऊ, अनवानी," ती निवृत्तीला म्हणाली, आणि मग टोपीवाल्याकडे वळली. "गेल्या आठवड्यात भाची बाळंत झाली, परवा मेव्हनी, आज बहीन. मला वाटलं केवडं मोठं घरानं हाय." तिनं त्याला आधी शिव्या घातल्या आणि मग त्याचीच टोपी काढून त्याला बडवला. आम्ही लगेच सोडवलं नाही.

कोंडाजी जेवून आला. खाली लाडू, खण, गर्दी बघून त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "हात लावलास?" निवृत्तीनं डबा त्याच्यापुढे धरला. कोंडाजीनं तो उलटा केला आणि बुडाचा डाख पाहिला. त्याची सून तेव्हा पोटुशी होती. मग म्हणाला, "आजपासून सगळ्या पाट्या तूच बघ. अर्ज आला तर तो माझ्यावर येईल."

अर्ज आला नाही. डबे मोहोर लावून पुण्याला तपासायला गेले, दुकानदार सापडला, मुंबईत एका बंद बंगल्याच्या आउटहाउसमध्ये रिकाम्या डब्यांची रास सापडली. सगळं एकदम बदललं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पुढेही काही बायका रुखवताची पाटी घेऊन लांबच्या वाटेनं गेल्या. निवृत्तीला ते दिसायचं. पण आता तो हात मागे घ्यायचा नाही, आणि रात्री त्याला झोप चांगली लागायची, असं चंपा म्हणायची. आणि येसू जगली. आधी चमचाभर शेळीचं दूध, मग वाटीभर, आणि मग एक दिवस अशी रडली की माझ्या दुकानापर्यंत ऐकू आली. डब्यावरच्या बाळासारखी ती कधीच झाली नाही. काळीसावळी, काटक, तिच्या आईसारखी.

त्यानंतर पवनेवर धरण झालं, तिकोण्याच्या खाली पाणीच पाणी झालं, रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि माझ्या सायकली कुणी विचारेना. निवृत्ती त्याच बांबूपाशी. आता लहान-थोर त्याला आबा म्हणायचे. त्याचं नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, मी आणि तो नाक्याच्या सावलीत बसलो होतो. समोरून हिरी आली. केस पिकायला लागलेले, डोक्यावर पाटी, वर हिरवा खण. येसू लोणावळ्यातच दिलेली होती आणि तिला नुकतीच मुलगी झाली होती. आम्हाला ते माहीत होतं, कारण चंपा चार दिवस दुसरं काही बोललीच नव्हती.

निवृत्ती बांबू उचलायला उठला. "जा, जा," तो म्हणाला. "पोर वाट बगत आसंल."

हिरी काही हलली नाही. तिनं पाटी उतरवून त्याच्यापुढे ठेवली आणि खण बाजूला केला.

"आबा, हात घाला."

"आगं, मला ठावं हाय काय हाय त्यात."

"तसं न्हाई," हिरी म्हणाली. "तुमचा हात लागल्याबिगर पाटी घरात घ्यायची न्हाई, आसं येसूनं सांगून धाडलंय."

निवृत्ती माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझेही डोळे धड नव्हते. त्यानं बाही सारली आणि हात घातला. लाडवांच्या खाली, दुपट्यांच्या खाली, जुन्या लुगड्याच्या गोधडीपर्यंत, अगदी तळाला जाईपर्यंत. आत सगळं मऊ होतं.

मग त्यानं बांबू वर केला.